मच्छिंद्रचा झिरा

तिसगावजवळच्या डोंगरावर मुक्कामाला पैसे लागत नाहीत. तिथं संडास नाही, दिवा नाही, दुकान नाही. सपाटी आहे आणि वारा. नगर-पुण्याची पोरं शनिवारी तंबू पाठीला लावून येतात आणि ह्यालाच मजा म्हणतात. मच्छिंद्र त्याच सपाटीवर शेळ्या घेऊन जन्मभर राहिला. त्याला कुणी मजा म्हटलं नाही.

तो राहू शकला एका झिऱ्याच्या जिवावर. कातळात टोपलीएवढा खड्डा. वाटीनं पाणी काढायचं, थांबायचं, पाझरलं की पुन्हा काढायचं. भर उन्हाळ्यातही शेळ्यांचं भागायचं.

पोरांना थांबणं कुठलं जमायला! "मामा, एवढंच पाणी? ह्यात भांडीसुद्धा निघायची नाहीत."

ते मच्छिंद्रला लागलं. त्याच्या मुलीला मी शाळेत शिकवलेलं, म्हणून हक्कानं बोलले, "अरे, ते काय तुझे पाहुणे? पाणी बरोबर आणा म्हणून सांग की."

"बाई, दारात आल्यात. पानी न्हाई कसं म्हनू?"

दार म्हणे! चार काठ्या आणि वर ताडपत्री.

एका सकाळी त्यानं पहार उचलली. जिल्हाभर लोक नाले, विहिरी खोल करतात, पाणी वाढतं. मग झिऱ्याचं का वाढू नये? पोरं मोबाईल रोखून टाळ्या पिटत होती. तळाचा कातळ फुटला, आणि होतं तेही पाणी भेगेत उतरून गेलं.

"येईल, मामा," पोरं म्हणाली. तंबू आवरून गेली. पाणी आलं नाही. उन्हाळ्याआधी शेळ्या विकून मच्छिंद्र खाली गावातल्या घरी आला.

पण पोरांनी मोबाईलवर टाकलेलं अजून दिसत होतं: फुकट जागा, वर पाणी आहे. पोरं येत राहिली. मग हा दर शनिवारी पाठीवर कॅन घेऊन डोंगर चढायला लागला. मी रागावले, तर त्याची बायको बनुबाई म्हणाली, "जाऊ द्या त्यास्नी, बाई. घरात बसून नुस्तं त्या पहारीकडं बगत्यात."

गेल्या शनिवारी उतारावर पाय घसरला. पोरांनीच तंबूच्या कापडात घालून त्याला खाली आणलं. खुब्याचं हाड मोडलंय. ह्या वयात ते काय जुळणार?

काल भेटायला गेले. खाटेवरूनच म्हणाला, "बाई, तुमच्या मोबाईलवर लिवता येतंय ना? लिवा. वर पानी न्हाई."

मी तिथंच बसून पोरांच्या त्या मजकुराखाली लिहिलं. त्यानं वाचून दाखवायला लावलं. मी वाचलं, आणि त्यानं भिंतीकडं तोंड केलं.