बेंजोच्या बाजूला फझ

फझ पेडल म्हणजे तळहातावर मावेल अशी लोखंडी डबी. ती गिटार आणि स्पीकर यांच्या मध्ये जोडतात आणि पायाने दाबून चालू-बंद करतात. चालू केली की गिटारचा स्वच्छ स्वर फाटतो, जाड होतो आणि लांबतो. तिला दुसरं काम नाही. बाजारात अशा डब्या पुष्कळ मिळतात आणि प्रत्येकीचं फाटणं वेगळं असतं. मला त्यातली एक निवडायची होती. निवड बरोबर ठरली तर डिलाईल रोडच्या एका बेंजो पार्टीत जागा मिळणार होती. चुकली तर एप्रिलमधली जयंतीची मिरवणूक सतराव्या मजल्याच्या खिडकीतून पाहायची, जशी त्याआधी पाहत होतो.

सतराव्या मजल्यावरचं घर पुनर्विकासात मिळालेलं. आमची चाळ पाडली, त्या जागी इमारत उभी राहिली. मधल्या काळात भाड्याच्या घरात असताना आई गेली. त्यामुळे नव्या घराची किल्ली घ्यायला मी एकटाच गेलो होतो. एका वर्तमानपत्राच्या वेब आवृत्तीचं काम मी घरूनच करतो. बातमी येते, ती दुरुस्त करायची, मथळा द्यायचा, पुढे पाठवायची. सहकाऱ्यांशी बोलणं लिहूनच होतं. कधी संध्याकाळी खाली दुकानात दूध मागताना आवाज घोगरा निघतो आणि लक्षात येतं की आजचं हे पहिलंच बोलणं.

गिटार कॉलेजपासून सोबत आहे. नव्या इमारतीत भिंती पातळ आणि सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तत्पर, म्हणून ती हेडफोन लावून वाजवायची. दारं बंद असतात. शेजारच्या घरात कोण राहतं हे मला आडनावाच्या पाटीवरून माहीत आहे.

बेंजो वाजवणारे दादा रस्त्यापलीकडच्या चाळीत राहतात. ती चाळ अजून उभी आहे. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे, परळच्या एका इस्पितळात वायरमन होते, आता निवृत्त. बेंजो म्हणजे लाकडी पेटीवर ताणलेल्या तारा आणि त्यांच्यावर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या. हातगाडीवर ठेवून भोंग्यांतून वाजवला की तो पार नाक्यापर्यंत ऐकू जातो. गिरणगावातल्या मिरवणुका, हळदी, वरळी कोळीवाड्यातली लग्नं त्याच्यावरच नाचतात.

मार्चमध्ये औषधांच्या दुकानात दादा भेटले. अंगठ्याला पट्टी होती.

"काय पेपरवाले, वाजवतोस का अजून ते?"

"वाजवतो."

"ऐकवतोस कोणाला?"

"कोणाला नाही."

"मग वाजवतो नको म्हणू. उगाळतो म्हण."

पट्टीबद्दल विचारलं. सांधा दुखतो म्हणाले. डॉक्टरने बेंजो बंद करायला सांगितलं होतं आणि त्यांनी डॉक्टर बदलला होता. मिरवणूक चार तास चालते, एवढा वेळ अंगठा टिकणार नाही, पार्टीत सूर धरणारा दुसरा कोणी नाही. बाकीचे सगळे बडवणारे. "तू ये रविवारी, आमच्या चाळीच्या पटांगणात. पण तुझं गिटार फार सभ्य आहे रे. त्याला जरा फाडून आण."

गिरगावात एका वाडीच्या तोंडाशी वाद्यांचं दुकान आहे. मालक त्याच वाडीतला, जुन्या कॅथलिक घरातला. मला तारा घेण्यापुरता ओळखतो. फझ पाहिजे म्हटल्यावर त्याने फोनवरचं बोलणं न थांबवता काचेवर दोन डब्या ठेवल्या. एक करडी, मोठी, तीन बटणांची. दुसरी पिवळी, लहान, दोन बटणांची. फोन संपल्यावर म्हणाला, "दोन्ही ने घरी. नको ती आण परत. फक्त खोका फाडू नको, बॉस. खोका फाटला की माणसाला वाटतं आत कोणी राहून गेलंय."

घरी दोन्ही डब्या टेबलावर शेजारी ठेवल्या. दोन प्रती समोर ठेवून ओळीओळीने ताडायच्या, ही डेस्कवरची सवय. तीच पद्धत इथे वापरली. तीच सुरावट, तेवढाच आवाज, आधी करडी, मग पिवळी. करडीचा स्वर खाली भरीव होता आणि वर चकचकीत. एक तार छेडली तरी चार माणसं एकत्र गात असल्यासारखं वाटायचं. पिवळी नाकात बोलत होती. सर्दी झालेल्या माणसाने दुसऱ्या खोलीतून हाक मारावी, तशी.

चाळीत राहत असतो तर हा प्रश्न संध्याकाळपर्यंत सुटला असता. गॅलरीत बसून वाजवलं की मत मागावं लागत नसे. कोणी म्हणायचं, हा बरा आहे. कोणी म्हणायचं, मिक्सर बंद कर. इथे मत द्यायला कोणी नव्हतं, म्हणून मी अधिक काटेकोर झालो. आठवडाभर रोज काम संपल्यावर हेडफोन लावून बसायचो. पिवळी काही मिनिटांत बाजूला व्हायची. करडी लावली की उठावंसं वाटायचं नाही. ती सगळी जागा भरून टाकायची. एकट्या बसलेल्या माणसाला आवडावा असाच तो आवाज होता. तसं असणं हा दोष ठरू शकतो, हे मनात आलं नाही.

पिवळी परत केली.

रविवारी पटांगणात ढोलवाले, ताशावाला, ऑक्टोपॅडवाला आणि दादा असे जमले होते. ताशावाला बँकेत रोखपाल आहे. आठवडाभर काचेमागे हळू बोलावं लागतं, त्याची भरपाई तो रविवारी करतो. दादांनी माझी गिटार त्यांच्या मिक्सरला जोडली. डबी मी पायाजवळ ठेवली. ढोल सुरू झाला, ताशा आला, बेंजो आला. ठरल्या जागी मी डबी दाबली. तिचा लाल दिवा लागला. मी वाजवू लागलो.

काही ऐकू आलं नाही. वायर सुटली असेल म्हणून खाली पाहिलं. वायर जागेवर होती. आवाजाचं बटण वाढवलं, पूर्ण वाढवलं. बोटांना तारांची थरथर कळत होती, कानाला काही नाही.

दादांनी बेंजो थांबवला. "चालू कर की."

"चालूच आहे."

"कधीपासून?"

"मघापासून."

ताशावाला म्हणाला, "अरे म्हणजे मी मघापासून याच्याबरोबर वाजवतोय? सांगायचं ना. मी तर एकटाच होतो."

सगळे हसले. मीही हसलो. बाकीचे थांबल्यावर मी एकट्याने वाजवून दाखवलं तेव्हा करडी पूर्वीसारखीच भरीव वाजली. ढोलवाल्याने मान डोलावली. "मस्त आहे रे," तो म्हणाला. ढोल सुरू झाला आणि ती पुन्हा नाहीशी झाली.

कारण साधं होतं. करडीचा सगळा जोर खालच्या आणि वरच्या सुरांत होता, मधला भाग तिच्यात जवळजवळ नव्हता. म्हणूनच ती एकांतात गोड लागत होती. पण खाली ढोल बसलेला होता आणि वर ताशा. दोघांनी आपापला वाटा खाऊन टाकला. मधे जिथे माणसाचा गळा असतो आणि भोंगा ज्यासाठी बनलेला असतो, तिथे माझ्याकडे काही नव्हतं. मी डबी रिकाम्या खोलीत निवडली होती आणि वाजवायची होती भरलेल्या पटांगणात. घरी परतल्यावर वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. मी वाजवतो आहे, हे तिथे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"करडी परत?" गिरगावचा मालक म्हणाला. "सगळे तीच मागतात."

"ऐकू येत नाही."

"कान दाखव कोणाला तरी." आणि त्याने पिवळी काढून दिली.

घरी पिवळी हेडफोनवर पूर्वीइतकीच वाईट वाजत होती. या वेळी मी तिला ऐकत बसलो नाही. डबी न लावता, नुसती बोटं बसवून सुरावट पाठ केली.

पुढच्या रविवारी डबी दाबताच दादांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज ढोल-ताशाच्या मधून सरळ बाहेर येत होता. नाकातला, चिरका, पण स्पष्ट. चाळीच्या पहिल्या मजल्यावर कपडे काढणारी एक बाई थांबून खाली पाहू लागली. काही क्षण सगळं ठीक होतं. मग दादांनी बेंजो सुरू केला आणि दोन्ही सूर एकमेकांवर चढले. बेंजोची जागा तीच होती. आम्ही दोघं एकच चाल वाजवत होतो आणि कोणाचा सूर कुठला ते कळत नव्हतं.

"बाद," ताशावाला ओरडला. "एका नळावर दोन बायका भांडतायत."

मी खालच्या पट्टीत गेलो, ढोलाखाली बुडालो. वर गेलो, तर ताशा. मधली जागा एकच होती आणि दादा तिथे चाळीस वर्षं बसलेले होते. मी गिटार खाली ठेवली. पार्टीला बेंजो नसून चालत नाही, यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. निर्णय सोपा होता आणि मी तो दादांना सांगितला: तुम्ही वाजवा, मी बाजूला राहतो.

दादा अंगठा चोळत होते. "तुला काय वाटलं, आपण जुगलबंदी करायला बोलावलं? मी दमलो की तू. मी उठलो की तू बंद. दोघं एकदम नाही."

"म्हणजे बरोबर कधीच नाही."

"बरोबरच की. एकामागे एक."

मी हो म्हटलं. ऑक्टोपॅडवाला त्या दिवशी पहिल्यांदा बोलला. "एक विचारू? हे पायाने दाबायचं ना? मिरवणुकीत आपण चालणार. हा पाय कुठे ठेवणार?"

दोन आठवडे मी खुर्चीत बसून, नंतर पटांगणात एका जागी उभं राहून ही डबी पायाने दाबत होतो. मिरवणूक चालते, हे मला लहानपणापासून माहीत होतं.

"पायाचा माणूस वेगळा ठेवू," ताशावाला म्हणाला. "मागे मागे डबी सरकवत येईल. पालखीला भोई असतो तसा."

शेवटी दादांनीच तोडगा काढला. पिवळी डबी सुतळीने हातगाडीच्या फळीवर, बेंजोच्या उजव्या अंगाला बांधली. ती आता पायाने नव्हे, हाताने दाबायची. हात त्यांचा. दमले की बेंजो सोडतील, डबी दाबतील, म्हणजे माझी पाळी. पुन्हा दाबतील, म्हणजे संपली. मिक्सरवर माझी गिटार इतकी खाली ठेवली की डबी बंद असताना ढोल-ताशात तिचा स्वच्छ स्वर ऐकूच येणार नाही. कधी सुरू करायचं हे ठरवण्याचा प्रश्नच माझ्याकडे उरला नाही.

जयंतीच्या दिवशी ऊन उतरल्यावर आम्ही निघालो. निळे झेंडे, पुढे नाचणारी पोरं-पोरी, बायकांचा वेगळा घोळका, मागे जनरेटरची गाडी. माझी वायर हातगाडीला बांधलेली होती, त्यामुळे मला तिच्या लांबीइतकंच अंतर ठेवून चालता येत होतं. बराच वेळ मी काही वाजवलं नाही. गळ्यात गिटार, दोन्ही हात तारांवर, आवाज नाही. ओळखीचे काही जण फूटपाथवरून हात करत होते. एकाने विचारलं, "वाजवत नाहीस?" मी दादांकडे बोट दाखवलं. त्याला ते कळलं नाही, आणि तेवढ्यात तो मागे पडला.

डिलाईल रोडच्या पुलाच्या अलीकडे मिरवणूक रेंगाळली. दादांनी माझ्याकडे पाहिलं. डावा हात बटणांवरून उचलला, उजव्या हाताने डबी दाबली. मी चाल त्यांच्या शेवटच्या सुरापासून उचलली. भोंग्यांतून माझा आवाज पुढे गेला, नाकातला आणि चिरका, थेट पहिल्या रांगेपर्यंत.

पहिल्या रांगेतलं कोणी वळलं नाही. नाचणाऱ्यांचा ठेका तसाच राहिला. एक बाई दोन्ही हात वर करून गोल फिरली, तिची नजर हातगाडीवरून गेली आणि पुढे गेली. त्यांच्या लेखी तो बेंजोच वाजत होता. मी पूर्ण चाल वाजवली, मग दुसऱ्यांदा. दादा अंगठा मिटून-उघडून पाहत होते. मग त्यांनी हात पुढे केला, डबी दाबली, आणि माझ्या अर्ध्या राहिलेल्या ओळीतला पुढचा सूर बेंजोवर घेतला. मधे खंड पडला नाही. मी तारांवर हात ठेवून त्यांच्या शेजारून चालत राहिलो.