वाटेत बसलेली सासू

झोनी तोदाचीनीने आपल्या जावयाचं तोंड बावीस वर्षांत पाहिलं नव्हतं. भांडण होतं म्हणून नव्हे. सासूने जावयाला पाहायचं नाही, जावयाने सासूला पाहायचं नाही, पाहिलं तर डोळे जातात. तिच्या आईने पाळलं, आजीने पाळलं, म्हणून तिनेही पाळलं. लेकीच्या, लर्लीनच्या लग्नात सगळं कुळ होगानात, मातीच्या गोल घरात, बसून मक्याची लापशी खात होतं, आणि नवरीची आई मेंढवाड्यात एकटी हाड चोखत बसली होती.

जावई विल्बर्ट अटकाई तसा मर्यादेचा. उघड्या जीपमधून बाहेरून फिरायला आलेल्या पाहुण्यांना दरी दाखवायची हा त्याचा धंदा. दरीच्या तळाशी, झोनीच्या बागेआधीच्या वळणावर एक वठलेलं झाड आहे. तिथं आला की तो तीनदा हॉर्न द्यायचा. हॉर्न ऐकला की झोनी हातातलं टाकून होगानात शिरायची, दार ओढून घ्यायची आणि जीप परत जाईपर्यंत मातीच्या भिंतीकडे तोंड करून बसायची. होगानाला खिडकी नाही. पलीकडच्या शेतातल्या बाया म्हणायच्या, "जावई मिळावा तर झोनीला मिळाला तसा." झोनीही फुगून मान डोलवायची.

तिथंच ती फसली.

तिच्या बागेतली पीचची झाडं काही कालची नाहीत. तिच्या आजीच्या आजीच्या काळात गोरे सैनिक दरीत घुसले, कुऱ्हाडी लावून बागा आडव्या केल्या आणि माणसं ढोरांसारखी हाकलत शेकडो मैल चालवत नेली. वाटेत कोण मेलं, कोण बाळंत होताना मागं राहिलं, त्यांची नावं घरात कुणी घेत नाही. चार वर्षांनी ती आजीची आजी परत आली, तेव्हा बुंध्यांना बोटभर कोंब फुटले होते. ती रडली नाही. मातीत बसून तिने सैनिकांना सूर्य बुडेपर्यंत शिव्या घातल्या, मग पांढऱ्या मातीत हात बुडवून मागच्या कड्यावर पंजा उमटवला. शिव्यांची ही गोष्ट झोनीच्या घरात अजून अभिमानाने सांगतात. पंजापाशी मात्र कुणी जात नाही. गेलेल्या माणसाच्या खुणेपाशी उगाच घुटमळायचं नसतं.

यंदा पीच वाळत घालायच्या दिवसांत एक शेळी कड्याकडे पळाली, म्हणून झोनीला तिकडे जावं लागलं. चाकांची वाट थेट कड्याच्या पायथ्यापर्यंत गेली होती. वाट कालपरवाची नव्हती, चांगली मुरलेली होती. आणि पंजाच्या मधोमध, तळहातावर, चाकूने बदाम कोरला होता. बदामात कुणा दोघांची नावं.

झोनी शेळी विसरली.

संध्याकाळी लर्लीन आली. विल्बर्ट रिवाजाप्रमाणे मेंढवाड्याच्या कुडामागे थांबला.

"आये, हळू बोल," लर्लीन म्हणाली. "ते कुडामागंच हाईत."

"म्हणून तर वरडते! सांग तुझ्या नवऱ्याला, तीन हॉर्न देतो त्यो मानापायी न्हाई. चोर कुत्र्याला भाकर टाकतो, तसा देतो."

कुडामागून आवाज आला, "लर्लीन, आईंना सांग, म्या न्हाई कोरलं. पाव्हण्यांनी कोरलं. म्या तवा लघवीला गेलतो."

"विचार त्याला, दोन नावं आन् बदाम कोरून हुईस्तोवर? त्याच्या पोटात काय नदी हाय?"

लर्लीनला हसू आलं. तिने ते शालीत दाबलं.

"आईंना सांग, पाव्हण्यांना त्यो हातच बघायचा असतो. म्या न्हाई न्हेलं तर दुसऱ्या गाइडाकडं जातील."

"जाऊ देत! हात माझ्या आजीच्या आजीचा. जमीन माझ्या आयची, आता माझी, उद्या तुझी. ह्याचं हितं काय हाय? एक खोगीर! ते दाराभाईर ठेवायला तुला किती येळ लागतो गं?"

"आये!" लर्लीनचं हसू पळालं. बाईने नवऱ्याचं खोगीर दाराबाहेर ठेवलं की संसार संपतो. असलं गमतीतही कुणी बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी झोनी पायवाटेने दरी चढून काठावरच्या, दरीची राखण करणाऱ्या सरकारी कचेरीत गेली. टोपीवाल्या पोराने तिचं ऐकून घेतलं. कोरलेल्याचा फोटो काढून नोंद करू म्हणाला. जीप थांबवता येणार नाही, गाइडकडे परवाना आहे, आणि तो तुमचाच जावई, हा घरचा मामला.

"माझ्या मेंढवाड्याचा वासा बदलायला तुझी चिठ्ठी लागती," झोनी म्हणाली. "वारसा हाय, धक्का लावू नका म्हणता. आन् चाकूवाल्याला चिठ्ठी न्हाई लागत?"

त्याने तिच्यापुढे एक फॉर्म सरकवला. झोनीने फॉर्मकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं आणि उतरायला लागली. वाटेत पंजा उमटवणाऱ्या त्या बाईच्या शिव्या तिला आठवत होत्या. सगळ्या तोंडपाठ होत्या.

चौथ्या दिवशी ऊन दरीच्या तळाला टेकलं आणि वठलेल्या झाडापाशी तीन हॉर्न वाजले.

झोनी होगानात गेली नाही. वाळूच्या वाटेत मधोमध खुर्ची टाकून ती बसली होती. डोक्यावरची शाल काढून तिने मांडीवर ठेवली होती.

पुन्हा तीन हॉर्न. पुन्हा तीन.

आत गेली असेल अशा समजुतीने विल्बर्टने वळण घेतलं. झोनीने डोळे ताणून पाहिलं. बावीस वर्षं आवाजावरून तिने एक काटकुळा पोरगा मनात धरला होता. गाडीत बसला होता पोट सुटलेला, कानाशी पिकलेला माणूस. त्याने ब्रेक दाबला, टोपी ओरबाडून तोंडावर धरली. जीप वाळूत तिरकी रुतली. मागच्या गोऱ्यांना वाटलं हा खेळच आहे. त्यांनी कॅमेरे काढले.

"आई, आत जावा की!" टोपीतून आवाज आला. "डोळं जातील तुमचं!"

बावीस वर्षांत झोनी त्याच्याशी पहिल्यांदा सरळ बोलली. "जाऊ देत. त्यो हात बघून झालाय माझा, आता आणखी काय बघायचंय? काढ टोपी, विल्बर्ट. बघ माझ्याकडं. दोघंबी आंधळं हू. मग दाव पाव्हण्यांना दरी!"

विल्बर्टने टोपी काढली नाही. हाताने चाचपत त्याने गियर मागे टाकला. एक गोरी बाई मागे वळून त्याला ओरडून वाट सांगत होती, "डावीकडे! डावीकडे!" जीप कण्हत, दोनदा कड्याला घासत वळणाआड गेली. झोनी एकदाही पापणी न हलवता पाहत राहिली.

त्यानंतर विल्बर्टची जीप झाडाच्या पुढे आलेली नाही. बाकीच्या गाइडांनाही घरी सासवा आहेत. झोनीचं ऐकून आपली सासूही शाल काढेल या धास्तीने तेही लांबूनच वळतात.

बदाम अजून तिथंच आहे. खरवडला तर पंजाही जाईल. झोनीच्या डोळ्यांतून आताशा पाणी येतं. लर्लीन म्हणते मोतीबिंदू असेल, दवाखान्यात चल. झोनी म्हणते, वळणापर्यंत दिसतं, तेवढं बास.

"तुला काही आणायचं का काठावरनं?" परवा लर्लीनने विचारलं.

"खुर्ची आण," झोनी म्हणाली. "हाताची. ही वाळूत रुततीया. आन् त्याला सांग, खोगिराला तेल लावून ठेव म्हणावं."