पडद्यामागची उमेदवारी

उमेदवारी म्हणजे वर्षभर फुकट राबायचं आणि वर्ष सरलं की साहेबाच्या मर्जीनं कायम व्हायचं, नाहीतर घरी जायचं. सांगलीतल्या एका मोठ्या बँकेत मी अशी वर्षभर राबले. त्याला किती वर्षं लोटली, तरी ते काउंटर आठवलं की माझं डोकं आजही तापतं. सून म्हणते, आई, जुनं कशाला उगाळत बसता. उगाळणार. माझं आहे, मी उगाळणार.

आम्ही साताऱ्याकडचे. वडील फौजेतून हवालदार होऊन आलेले, त्यांना आम्ही आबा म्हणायचो. मी मॅट्रिक झाले तेव्हा दुसरी मोठी लढाई संपत आली होती. आबांच्या पलटणीतल्या एका साहेबानं बँकेत शब्द टाकला, राहायला सांगलीत मामांचं घर होतं, म्हणून आबा कसेबसे तयार झाले. तेही अट घालून. "एक वरीस दिलं तुला. कायम केलं तर कर नोकरी, मी आड येनार न्हाई. न्हाई केलं तर मी म्हनंन तितं लगीन. मग तोंड वाकडं करायचं न्हाई." म्हणेन तिथं म्हणजे कुठं, हेही ठरलेलं होतं. माण तालुक्यातला एक बिजवर त्यांनी हेरून ठेवला होता. त्याची मोठी मुलगी माझ्याहून चारच वर्षांनी लहान होती. मला ते लग्न नको होतं आणि त्यासाठी मी बँकेत झाडूसुद्धा मारला असता.

बँकेनं मुलगी कशी घेतली, याचं गावाला मोठं कौतुक. काळ बदलला म्हणाले. कसला बदलतोय! लढाईमुळं फौजेतल्या लोकांच्या बायका बँकेत यायला लागल्या होत्या. कुणाचा नवरा दूर देशी, कुणाचा तिकडंच राहिलेला. त्यातल्या मोठ्या घराण्यातल्या बायका गोषातल्या. परक्या पुरुषाला तोंड दाखवायच्या नाहीत. मग अंगठा उठवणारी बाई तीच की दुसरीच कुणी, हे क्लार्क लोकांना पदरावरून कसं कळायचं? म्हणून कोपऱ्यात एक हिरवा पडदा टांगला, त्याच्याआड एक बाक टाकला आणि चेहरे बघायला मला ठेवलं. खातं उघडताना चेहरा नीट बघून घ्यायचा. पुन्हा बाई आली की तीच आहे ना ते बघायचं, अंगठ्याला शाई लावायची, कागदावर ठसा घ्यायचा आणि खाली ओळख पटल्याची सही करायची.

एरवी मी दौती भरायची, व्हाउचरं चिकटवायची आणि एजंटसाहेबांचा चहा आला का बघायची. शाखेच्या मुख्य साहेबाला तेव्हा एजंट म्हणत. माझ्याबरोबर लागलेले दोन मुलगे महिन्या-दोन महिन्यांत खतावणीवर बसले. त्यातल्या एकाची बेरीज दर दुपारी चुकायची आणि हेडक्लार्क ती त्याच्या मांडीला मांडी लावून दुरुस्त करून द्यायचे. मी विचारलं, मला खतावणी कधी शिकवणार? हेडक्लार्क म्हणाले, "तुम्हांला काय करायचीय? उद्या लग्न झालं की भाकऱ्याच थापायच्यात." ते दोघे फिदीफिदी हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मूग गिळून बसले. कायम व्हायचं होतं ना.

खरं सांगायचं तर मला पडद्यामागंच बरं वाटायचं. पडदा सोडला की त्या बायका पदर मागं टाकून असा मोकळा श्वास घ्यायच्या की बघत राहावं. एकीनं एकदा विचारलं, "तुमाला पगार किती मिळतुया, ताई?" म्हटलं, काही नाही. "दिसभर राबून?" म्हटलं, हो. "आगं बया, मग तुमी तर आमच्यातल्याच की," म्हणाली, आणि इतकी हसली की बाहेरून हेडक्लार्क खाकरले.

अशातच ती आली. कडेगावच्या बाजूची, वयानं माझ्याएवढीच. नवरा लढाईत कामी आलेला. सरकारकडून आलेली रक्कम तिच्या नावावर ठेवलेली, ते खातं उघडताना ठसा मीच घेतला होता. त्या वेळी कडेवर एक वर्षाची मुलगी होती आणि ती पोर शाईच्या डबीसाठी हट्ट करत होती. या खेपेला ती एकटी आत आली. बाहेर सासरा बसला होता, एजंटसाहेबांच्या समोर, खुर्चीवर. मोठा बागाईतदार, दोन गुऱ्हाळं चालायची, बँकेत त्याचा शब्द खाली पडत नसे. कागद तयार होता. सुनेच्या नावावरची सगळी रक्कम सासऱ्याच्या नावावर करायची.

तिनं पदर मागं घेतला. तीच होती. मी शाईची डबी उघडली, तर तिनं हात पाठीमागं नेला. मी विचारलं, "काय झालं? तुम्हांला माहीत आहे ना, कागद कसला आहे?" सांगायला हवं, हे विचारायचं मला कुणी शिकवलं नव्हतं. माझ्या तोंडून ते गेलं.

ती म्हणाली, "व्हय. समदा पैका त्येंच्या नावावर करायचा हाय. मला अंगठा द्यायचा न्हाई, ताई. माज्या पोरीचं हाय ते. तुमी बाहिर सांगा. मी सांगितलं तर मला घरात घ्यायची न्हाईत."

मी बाहेर आले आणि सांगितलं. सगळ्यांदेखत सांगितलं, की बाई तीच आहे, पण अंगठा द्यायला ती तयार नाही.

सासऱ्यानं फेटा सारखा केला आणि माझ्याकडं न बघता साहेबाला म्हणाला, "ही कोन हाय वो?" एजंटसाहेब उठून माझ्याजवळ आले. आवाज चढवला नाही, तो माणूस आवाज कधीच चढवत नसे. "बाई, तुम्हांला चेहरा ओळखायला ठेवलंय. ओळखलात ना? झालं तर. तिची इच्छा विचारणं हे बँकेचं काम नाही." मी म्हटलं, मग सहीही मी करणार नाही.

सासऱ्यानं बाहेर छकड्यात बसलेल्या सासूला बोलावलं. ती माझ्या अंगावरून पडद्याआड गेली. आत काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं पडद्याखालून एक हात बाहेर आला, मनगटाला दुसऱ्या हातानं गच्च धरलेलं. हेडक्लार्क खाली वाकले, अंगठ्याला शाई लावली, कागद टेकवला. मग उभं राहून ओळख पटल्याची सही त्यांनी केली. त्या माणसानं आयुष्यात तिचं तोंड पाहिलं नव्हतं. नियम म्हणे! ज्या नियमासाठी पडदा टांगला, बाक टाकला, मला वर्षभर फुकट वापरलं, तो नियम बागाईतदाराचा चहा निवायच्या आत कचऱ्यात गेला. जाताना ती पूर्ण पदराखाली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं की नाही, मला कळलं नाही.

त्या दिवसापासून माझ्याशी कुणी धड बोललं नाही. वर्ष भरलं तेव्हा साहेबांनी आत बोलावून खुर्ची दिली, पहिल्यांदाच. म्हणाले, काम चोख आहे तुमचं, पण बँकेला मोठी माणसं दुखवून चालत नाही. ते दोघे मुलगे कायम झाले, बेरीज चुकणारासुद्धा. माझ्या तोंडाला पानं पुसली. मी विचारलं, मी केलं ते चूक होतं का? साहेब म्हणाले, "तसं मी कुठं म्हणालो?" असल्या लोकांशी भांडताही येत नाही, याचा राग सर्वांत मोठा.

आबा न्यायला आले. सर्व्हिस मोटारीत कऱ्हाड येईपर्यंत मी त्यांना सगळं सांगितलं. मला वाटत होतं, ते विचारतील, त्या बाईचं पुढं काय झालं. फौजी माणूस, तीही एका फौजीचीच बायको होती. शेवटी म्हणाले, "तुला तिला इचारायला कुनी सांगितलं हुतं?"

मी म्हटलं, "कुनीच न्हाई, आबा. म्हनून तर इचारलं."

त्यांनी खिडकीकडं तोंड फिरवलं.

महिनाभरात माणचे पाहुणे आले. मला चहा घेऊन बाहेर पाठवलं, त्यांनी माझ्याकडं नीट बघून घेतलं, मी आत आले. बिजवराचा मामा म्हणाला, मुलगी पसंत हाय. मी माजघरातून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मला पोरगा पसंत न्हाई."

पाहुण्यांनी आबांकडं पाहिलं. मग आबा हसले आणि पाहुण्यांना म्हणाले, "पोरगी लय थट्टेखोर हाय आमची." पाहुणेही हसले. मुहूर्त त्याच बैठकीत ठरला.