आरोळी आणि झाकण

पालेर्मोच्या बाल्लारो बाजारात निन्फानं आयुष्यभर उकडलेली भाजी विकली, पण तोंडानं कधी विकली नाही. तोंड होतं तिच्या नवऱ्याचं, तानोचं. तिच्याकडे पातेलं होतं.

सकाळी लाल ताडपत्र्या ताणल्या की त्यांच्याखालचा उजेड डाळिंबी होऊन जायचा. मासळीवाले, ऑलिव्हवाले, चण्याच्या पिठाच्या वड्या तळणारे, सगळे घसे साफ करायचे आणि आरोळ्यांची झोड उठायची. त्या गदारोळात तानोची आरोळी ओळखू यायची ती तिच्या मधोमध असलेल्या शांततेमुळे.

"वर काटेऽऽ! सासूच्या जिभेचे काटेऽऽ!" असं म्हणून तो थांबायचा. एकदम गप्प. बाजूचे लोक नकळत मान वळवायचे. तेवढ्यात निन्फा झाकण उचलायची, भप्पकन वाफ उसळायची, उकडलेल्या आर्टिचोकचा, त्या काटेरी पाकळ्यांच्या, आतून कोवळ्या बोंडांचा गोडसर, ओल्या गवतासारखा वास गल्लीभर व्हायचा, आणि मग तानो दुसरा अर्धा भाग फेकायचा, "आत मात्र नवी नवरीऽऽ!"

'नवी नवरी' म्हणताना तो निन्फाकडे बघायचा. लग्न होऊन ती पहिल्यांदा पातेल्यापाशी उभी राहिली तेव्हा बघायचा, विटो पोटात होता तेव्हा बघायचा, तिचे केस पिकले, गुडघे सुजले, तेव्हाही तसाच बघायचा. गिऱ्हाइकं हसायची. निन्फा म्हणायची, "पुढे बघ मेल्या, पिशवी धर." पण झाकणावरचा हात कधी आधी उठला नाही की मागे राहिला नाही. रंगमंचावर समोरच्याचं वाक्य पडल्याशिवाय आपण पाऊल उचलत नाही, तसं ते दोघांच्या अंगात मुरलं होतं.

तानोला जाऊन दोन हिवाळे झाले. त्याची जागा हारूननं घेतली. हारून बांगलादेशचा, तानोच्या शेजारी टोपल्या उचलता उचलता बाजारात मुरलेला, आता चाळिशीला आलेला. तानोला तो चाचा म्हणायचा, निन्फाला चाची. बटाटे, शेंगा, भट्टीत भाजलेले कांदे, सगळ्यांच्या आरोळ्या त्याच्या स्वतःच्या होत्या आणि खणखणीत होत्या. आर्टिचोकही विकायचा, पण मुकाट्यानं. गेलेल्या माणसाची आरोळी त्याच्या घरच्यांनी सांगितल्याशिवाय कुणी उचलत नाही, असा त्या गल्लीचा रिवाज. आणि घरच्यांनी सांगितलं नव्हतं.

निन्फा रोज पाव आणायच्या निमित्तानं तिथून जायची, कोपऱ्यावर पिशवी या हातातून त्या हातात घ्यायची आणि थोडी थांबायची. तिला ती आरोळी पुन्हा ऐकायची होती. एकदाच. पण हे मागायचं कसं? या वयाच्या बाईनं दुसऱ्याच्या दुकानासमोर उभं राहून, बाबा रे, मला 'नवी नवरी' म्हण, असं सांगायचं? छे. शिवाय तिच्या मनात वेगळीच आशा होती. मुलगा विटो. त्याचा आवाज हुबेहूब बापाचा. फोनवर "मम्मा" म्हणाला की अजूनही ती दचकून दाराकडे बघायची.

विटोनं बाजार सोडून डोंगराकडे शेती धरली होती. औषध नाही, फवारणी नाही. जुन्या जातीचे काटेरी आर्टिचोक, आजोबांच्या वेळचे, तो लावायचा आणि महिन्याच्या पहिल्या शनिवारी शहरातल्या बागेत सेंद्रिय शेतमालाची जत्रा भरायची तिथं आणायचा. मार्चच्या जत्रेला तो म्हणाला, "मम्मा, घरात बसून काय करतेस? ये माझ्यापाशी. ऊन खा."

निन्फा आली ती पातेलं घेऊन. शेगडीसकट.

"हे काय?" विटो म्हणाला.

"पातेलं."

"ते दिसतंय गं. कशाला?"

"कच्चा आर्टिचोक घरी नेऊन काटे टोचून घ्यायला कुणाला वेळ आहे? उकडलेला खातील, चव कळेल, मग कच्चाही नेतील. तुझा बाप काय वेडा होता?"

विटोनं हसून तिला कोपरा करून दिला.

जत्रा देखणी होती. खजुराच्या झाडांखाली पांढरी टेबलं, टोपल्यांत थरथरणारं ताजं, पनीरसारखं रिकोटा, काळ्या मधमाश्यांचा मध, जुन्या गव्हाचे तपकिरी पाव. पण निन्फाला करमेना. लोक प्रत्येक टोपलीपुढची छोटी पाटी वाचायचे, मान हलवायचे, हळू आवाजात काहीतरी विचारायचे. विकणारेही हळूच उत्तर द्यायचे.

"कुणी आजारी आहे का गं इथं?" तिनं शेजारच्या एर्सिलियाला विचारलं. एर्सिलिया बकरीचं चीज विकायची.

"इथं असंच असतं, निन्फाबाई. शांतता आवडते लोकांना."

"शांतता हवी तर चर्चमध्ये जावं. भाजी कशाला घ्यायला येतात?"

एक उंच बाई आर्टिचोक उलटसुलट करून बघत होती. "हे खरंच बिनफवारणीचं आहे ना?"

निन्फानं एका पाकळीवरची गोगलगाय दाखवली. "हिला विचारा. सकाळपासून खातेय, अजून जिवंत आहे."

बाई खो खो हसली आणि अर्धी टोपली घेऊन गेली. एर्सिलियानं चिजाचा एक तुकडा निन्फाच्या तोंडात भरवला. विटो म्हणाला, "तू दर महिन्याला येत जा." निन्फा खुलली. तिनं पाण्यात मीठ टाकलं, लिंबू पिळलं, निवडून आर्टिचोक घातले आणि झाकण ठेवलं.

पाणी उकळायला लागलं. निन्फा झाकणाच्या मुठीवर फडकं धरून उभी राहिली. विटो टेबलाच्या दुसऱ्या टोकाला वजन करत होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. आत्ता मान वर करेल. आत्ता घसा साफ करेल. बापासारखाच डावा हात तोंडापाशी नेला त्यानं, पण तो नाक खाजवायला. झाकण खडखडायला लागलं. बाजूनं फेस ओघळला. निन्फाचा हात मुठीवरच.

"निन्फाबाई," एर्सिलिया म्हणाली, "वास बघा हो कसा येतोय."

विटो धावत आला आणि झाकण उचललं. आत हिरवा रबरबीत लगदा होता.

"मम्मा! अगं, इतका वेळ झाकण का नाही काढलंस? हातात फडकं घेऊन उभी होतीस की!"

"तू बोललाच नाहीस."

"काय बोलायचं होतं मी?"

निन्फा लगद्यात चमचा फिरवत राहिली. तेव्हा विटोच्या ध्यानात आलं आणि त्याचे कान तांबडे झाले.

"इथं ओरडत नाहीत, मम्मा."

"दिसतंय ते."

"आणि ओरडत असते ना, तरी माझ्याच्यानं झालं नसतं. शाळेत मास्तर फळ्याकडे वळले की पोरं मागून मला 'नवी नवरीऽऽ' करायची. वर्षानुवर्षं. तो शब्द नुसता कानावर आला तरी मी अजून मागे वळून बघतो."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तुला सांगितलं असतं तर बाबानंही ऐकलं असतं ना, शेजारी बसून. त्याचं तोंड उतरलं असतं."

निन्फानं त्याच्या गालावरून हात फिरवला. हाताला लिंबाचा वास होता. लगद्यात एर्सिलियानं आपलं चीज कालवलं, तेल घातलं, पावावर फासून तिघांनी खाल्लं, आणि खोटं कशाला बोला, फार चांगलं लागलं.

दुपारी आवराआवर करून मालाची गाडी निघाली तेव्हा मागे दोन पेट्या आर्टिचोक उरले होते. निन्फा मांडीवर पातेलं घेऊन बसली होती. बाल्लारोचं वळण आलं तशी विटोला म्हणाली, "इकडे घे."

हारून भाजलेल्या कांद्यांचा तवा पुढे सरकवत होता. "अरे वा, चाची! पातेलं घेऊन कुठल्या लढाईला?"

"हे विटोच्या शेतातले. उकडायचेत."

"उकडू की."

"आणि आरोळी द्यायचीय."

"ती तर देणारच. ताजे ताजे..."

"ती नाही, हारून."

हारूननं चिमटा खाली ठेवला. बाजाराचा गोंगाट चालू होता, पण तो हळू बोलला. "चाची, ती चाचांची आहे. घरच्यांनी सांगितल्याशिवाय मी कशी..."

"घर म्हणजे मीच की आता. मी सांगतेय."

हारूननं विटोकडे पाहिलं. विटोनं पेटी खाली टेकवली. "दे तू," तो म्हणाला. "तुला येते. मला माहीत आहे, तू गोदामात एकटा असताना म्हणतोस."

आर्टिचोक उकडले. निन्फानं मुठीवर फडकं धरलं. हारूननं हात पुसले, डोळे मिटले, आणि "वर काटेऽऽ!" म्हणाला. शब्द थोडे गोल होते त्याच्या तोंडात, जणू तेल लावून गुळगुळीत केलेले. "सासूच्या जिभेचे काटेऽऽ!"

आणि थांबला. अगदी तेवढंच थांबला. इतकी वर्षं शेजारी उभा राहून त्यानं आरोळी शिकली होती, तशी ती शांतताही शिकला होता. निन्फाचा हात आपोआप उठला. वाफ उसळली.

"आत मात्र नवी नवरीऽऽ!"

"अरे तानो!" समोरचा मासळीवाला ओरडला. "दोन वर्षं कुठं उलथला होतास?" अख्खी गल्ली हसली. गिऱ्हाइकं पुढे सरकली.

निन्फा हसली नाही. हारून पातेल्यात बघून म्हणाला होता. बरोबरच होतं त्याचं. जिला चाची म्हणायचं तिच्याकडे बघून कुणी असं बोलेल का? शब्द सगळे आले होते, जागच्या जागी. नजर तेवढी आली नव्हती, आणि ती कुठून यायची?

"चुकलं का काही, चाची?" हारूननं घाबरून विचारलं.

"छान म्हणालास. शेवट मात्र पातेल्यात सोडू नकोस. वर ने."

"चाचा तर तुमच्याकडे बघून..."

"चाचा वेडा होता. तू गिऱ्हाइकाकडे बघ."

दुसरं पातेलं चढलं. या वेळी ती पलीकडे जाऊन उभी राहिली, पातेलं दोघांच्या मधे येईल अशी. हारूननं काटे म्हटले, सासू म्हटली, थांबला. निन्फानं झाकण एकदम उचललं नाही. तिरकं करून, अगदी सावकाश उघडलं. वाफ जाड, दाट येत राहिली. ताडपत्रीचा लाल उजेड तिच्यात मिसळला आणि पलीकडे फक्त एप्रन बांधलेला एक माणूस उरला, हात वर केलेला, तोंड न दिसणारा.

"आत मात्र नवी नवरीऽऽ!"

वाफ विरायच्या आत तिनं म्हणून घेतलं, "पुढे बघ मेल्या, पिशवी धर."

हारून पुढेच बघत होता. त्यानं पिशवी धरली.