बत्तीस तारांचे चाक

१७ नोव्हेंबर १९९७, सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण ती प्रयोगवहीत आहे. पुण्याच्या प्रयोगशाळेत मी दर पाच मिनिटांनी भट्टीचे तापमान नोंदवत होते. दहा-चाळीसच्या रकान्यात आकडा आहे, दहा-पंचेचाळीसचा रकाना कोरा आहे. मधल्या वेळात कार्यालयातून निरोप आला, की तंजावरहून फोन आहे. पलीकडे मामी होती. "मामा गेले गे... कापी घेऊन माडीवर गेलें, तों मेजावर डोकं ठेवून बसलेले. डोळा लागला मणून पेला झाकून खालीं आलें..."  कॉफीचा पेला झाकून ठेवला, एवढेच ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली.

पंचनदराव माझ्या आईचे थोरले भाऊ. तिरुवैयारूच्या देवावरून ठेवलेले ते भारदस्त नाव घरात कोणी उच्चारत नसे. सगळ्यांचे ते पंचूमामा. तमिळ मुलांच्या दोन पिढ्यांना मात्र ते ‘चिट्टू’चे चित्रकार म्हणून ठाऊक होते. चिट्टू म्हणजे चिमणी. मद्रासच्या एका मासिकात वीस वर्षे चाललेल्या त्यांच्या चित्रकथेची ती नायिका: सायकलवरून टपाल वाटणारी आणि वाटता वाटता गावोगावची रहस्ये उलगडणारी मुलगी. मामांनी आयुष्यात नोकरी केली नाही. दर महिन्याला बारा पाने काढायची, गुंडाळी करून मद्रासच्या बसच्या कंडक्टरकडे सोपवायची, आणि उरलेल्या दिवसांत लग्नपत्रिकांचे मोर, दुकानांच्या पाट्या, शालेय मार्गदर्शिकांतली बेडकाची पचनसंस्था, जे येईल ते काढायचे. आमच्या घराण्यात कित्येक पिढ्या मराठी बोलली जाते, पण लिहिणे-वाचणे तमिळमध्ये. देवनागरी मी पुण्यात येऊन शिकले. त्यामुळे हा लेख मामांना वाचता आला नसता, तो मला मोठ्याने वाचून दाखवावा लागला असता, आणि त्यांनी मध्येच थांबवून "इतकं अवघड कशाला बोलूलीस?" असे विचारले असते.

चिट्टूच्या सायकलीबाबत मामांचा एक नेम होता. कंपास वापरायचा नाही. चाक एका दमात, मोकळ्या हाताने. आणि त्यात तारा खऱ्या सायकलीइतक्याच, पुढच्या चाकात बत्तीस, मागच्यात चाळीस. छापील चित्रात त्या कोणाला दिसणार, हा प्रश्न त्यांना पटत नसे. मी नऊ वर्षांची असताना एका सकाळी त्यांचे भिंग घेऊन मेजावरच्या पानातले चाक मोजले.

"मामा, एक तार कमी आहे."

"कोठें?"

"पुढच्या चाकात. एकतीसच आहेत."

त्यांनी भिंग घेतले, ब्रशच्या टोकाने एकेक तार मोजली, आणि गंभीरपणे मान हलवली. "बरोबर. एक तुटली आहे. पुढच्या अंकांत बसवून घेईल ती."

पुढच्या अंकाची पहिली चौकट मी अजून विसरलेले नाही. चिट्टू दुरुस्तीच्या दुकानात उभी आहे, दुकानदार नवी तार बसवतो आहे, आणि बाजूला दोन वेण्यांची एक मुलगी बोट रोखून तारा मोजते आहे. मुलीच्या कपाळावरची खोकसुद्धा माझी होती. त्यानंतर नवे पान बसने मद्रासला जाण्याआधी मी तारा मोजायचे, असा रिवाज पडला. कमी भरल्या तर मामीच्या डब्यातले दोन मुरुक्कु, म्हणजे आमच्याकडच्या चकल्या, मला, बरोबर भरल्या तर माझ्या वाट्याचा एक मामांना. मला फारसे मुरुक्कु मिळाले नाहीत.

मग काळ पालटला, आणि फार वेगाने पालटला. आमच्या रस्त्यावर गच्च्यांतून केबलच्या वायरी लोंबू लागल्या. चित्रकथा भाड्याने देणाऱ्या वाचनालयाने अर्धी कपाटे रिकामी करून तिथे व्हिडिओ कॅसेट मांडल्या. संपादकांना परदेशी चित्रकथा तयार मिळू लागल्या; फुग्यांतले शब्द बदलले की काम झाले. मी त्याच सुमारास संशोधनासाठी पुण्याला आले होते आणि या बदलांकडे उत्साहाने पाहत होते. बाहेरची उपकरणे आम्हाला आता लवकर मिळत होती. एकच वारा एका घरात खिडक्या उघडतो आणि दुसऱ्यात दिवा विझवतो, हे मला तेव्हा सुचले नाही.

१९९५च्या उन्हाळ्यात मी घरी गेले, तेव्हा मामांचा उजवा हात मांडीवर आपोआप हलत होता. डॉक्टरांनी कंपवाताचे निदान केले. मला रडण्यापेक्षा मोजणे सोपे जाते. आलेख-कागदाच्या पट्ट्या कापून मी त्यांना सांगितले, की दर अर्ध्या तासाने मोकळ्या हाताने एक सरळ रेघ ओढा. रेघ जास्तीत जास्त किती ढळते, ते मी मोजत गेले. आठवड्याभरात स्पष्ट झाले, की सकाळच्या गोळीनंतर सुमारे दीड तासाने हात सर्वांत स्थिर असतो आणि ती स्थिरता तासभर टिकते. "मणजे साडेनऊ ते साडेदहा मी चित्रकार, अप्परम, मग, नुसता म्हातारा," मामा म्हणाले, आणि त्या एका तासात काम करू लागले. पुढे मामी दर आठवड्याला पट्ट्या टपालाने पाठवी. आकडे वाढत होते... मी ते वहीत चढवत होते.

१९९६च्या पावसाळ्यानंतर संपादकांचे पत्र आले. चित्रकथा सहा अंकांत संपवावी; जमत नसेल तर मद्रासचा दुसरा चित्रकार ती संपवील. मामांनी पत्र चार वेळा वाचले. "दुसऱ्याच्या हातानं चिट्टू मरेल गे," एवढेच म्हणाले.

डिसेंबरात मी सुटी घेऊन गेले, तेव्हा चार पाने पेन्सिलीत अडली होती. चौकटी होत्या, माणसे होती, चाकांच्या जागा रिकाम्या होत्या. मामा दुपारी झोपले असताना मी कंपास घेतला, कोनमापकाने वर्तुळाचे बत्तीस समान भाग पाडले आणि शाईने पुढचे चाक पुरे केले. ते निर्दोष होते. मला मनापासून वाटले, की मी त्यांना वाचवते आहे.

मामा उठले, पानासमोर उभे राहिले.

"हें चाक कोणाच्या सायकलीचं?"

"चिट्टूचं. मोजून काढलं, मामा."

"तिची सायकल वीस वर्षं चिखलांतून चालूली. हें तर दुकानांतून आत्तां आलं." त्यांनी पांढऱ्या रंगाची बाटली माझ्याकडे सरकवली. "तूंच पूस. माझा हात बाहेर जाईल."

मी पुसत होते. त्यांनी मेजावरची त्या दिवशीची पट्टी उचलली. "आज किती?"

"साडेतीन मिलिमीटर."

"वाटेल तसा हलतोय कां, की कांही हिशेब आहे?"

मी सांगितले, की हिशेब आहे. हात वेडावाकडा हलत नाही, एका सेकंदात साधारण पाच हेलकावे, लाटांसारखे. मामांनी पट्टी खिडकीच्या उजेडात धरली आणि बराच वेळ पाहिली. मग मामीला हाक मारली, "अगे, माझी चप्पल कोठें? तिरुवैयारूला जाऊलों."

त्या सकाळी... नाही, दुपारच होती ती, आम्ही बसने तिरुवैयारूला गेलो. आमच्याकडच्या हिवाळी पावसाने कावेरी भरली होती. मामा घाटाच्या पायरीवर बसून पाण्याकडे पाहत राहिले, आणि मांडीवरचा हात त्यांनी प्रथमच दुसऱ्या हाताने दाबून धरला नाही. परतताना म्हणाले, "हात पाणी काढूला, आणि मी त्याला चाक मागूलों. गोष्टच पाण्यांत नेतों." चार पाने त्यांनी फाडली. उरलेल्या अंकांत पूर येतो. चिट्टू टपालाची पिशवी डोक्यावर घेऊन, सायकल केळीच्या खांबांच्या तराफ्याला बांधून, बुडालेल्या गावांत पत्रे पोचवते. पानेच्या पाने पाणी. तसे पाणी मी कोणत्याही चित्रकथेत पाहिलेले नाही. प्रत्येक रेघ थरथरते आणि एकही चुकलेली नाही. रोज सकाळच्या त्या एका तासात, दुसऱ्या कोणाचाही हात न लागता, सहाही अंक पुरे झाले.

शेवटचा अंक मार्चमध्ये मला मिळाला. शेवटच्या चौकटीत पूर ओसरतो आहे. चिट्टू पाठमोरी, आणि पाण्यात तिच्या सायकलीच्या पुढच्या चाकाचे प्रतिबिंब. मी लगेच बूथवरून फोन केला. "मामा, फार सुंदर."

"मोजलीस कां?"

"छपाई बारीक आहे, मामा. आणि पुढच्या आठवड्यात माझं सादरीकरण आहे... नंतर मोजते."

"सरी, सरी. सवड झाली की मोज."

सादरीकरण चांगले झाले. नंतर दुसरे आले. सवडीचा रकाना मी आखलाच नाही.

तेराव्यानंतर मी माडीवर गेले. मेज तसेच होते: तिरकी फळी, शाईचे डाग, गोळ्यांची डबी. फळीला चार टाचण्यांनी शेवटच्या पानाची मूळ प्रत लावलेली होती. संपादकांकडून मामांनी तेवढे एकच पान परत मागवले होते, असे मामीने सांगितले. पानावर भिंग ठेवलेले होते. "आठ महिने हलवूं दिलं नाही," ती म्हणाली. "ती येऊन मोजेल, मणत होते." मग ती कापी आणायला खाली गेली.

मी खुर्चीवर बसले. पाण्यात मोडलेल्या तारा मोजणे सोपे नाही. एकेक तार दोन-तीन लाटांमध्ये तुटून पुढे जाते. वरून सुरुवात केली. दुसऱ्यांदा उलट्या दिशेने मोजले. तिसऱ्यांदा त्यांच्याच ब्रशचे टोक एकेका तारेवर ठेवत गेले. तिन्ही वेळा उत्तर एकच आले. हात चुकला असेल, किंवा नसेल. पुराव्यावरून ठरवता येत नाही. जिन्यावर मामीची पावले वाजली. मी वही उघडली, तारीख लिहिली, वेळ लिहिली, ‘पुढचे चाक’ असे लिहिले, आणि त्यापुढे आकडा: ३१.