दुसरी फ्लॉपी घरी राहिली होती

वसुधाताई बिचाऱ्या नव्हत्या.

काल त्या गेल्याची बातमी आमच्या मराठी ग्रुपवर आली आणि लगेच कुणीतरी लिहिलं, "बिचारी, आयुष्यभर चंदीगडला अडकून पडली."
मला राग आला. म्हणून हे लिहितेय.

नव्वदीची सुरुवात. पंजाबात हालात खराब, दहशतवादाचे दिवस. मी सोलापूरची, इथे चंदीगडला एका संस्थेत पीएचडी करत होते. ताई मूळच्या साताऱ्याच्या, आमची कॉम्प्युटर रूम सांभाळायच्या. हरजीत माझ्याबरोबरचा स्टुडंट.

एका गुरुवारी मशीन सुरूच होईना. हार्ड डिस्कवरची सिस्टिम उडाली होती.
माझी पीएचडीची सगळी रीडिंग्ज आत.
त्यात आमच्या विभागाच्या साहेबांचा हुकूम आलेला: हालात सुधारेपर्यंत, सोमवारपासून रूमला कुलूप, मशीन स्टोअरमध्ये.

ताईंकडे लिनक्स होतं, तेव्हा अगदी नवीन. दोन फ्लॉप्या. पहिलीवरून कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, जागा होतो. दुसरीवर त्याचा संसार असतो, म्हणजे फायली, कमांड्स, सगळं. तो मेमरीत उतरल्याशिवाय कर्नलला काहीच करता येत नाही. रिकाम्या खोलीत आलेला भाडेकरू, ना चूल ना चटई.

त्या दिवसांत इथे एका घरची माणसं एका बसने जायला घाबरायची. ताईंनी फ्लॉप्यांनाही तोच नियम लावला होता. तिघांच्या घरी एकेक जोडी.
"उद्या आपापली घेऊन या," त्या म्हणाल्या.

शुक्रवारी पहिली फ्लॉपी छान वाचली गेली. स्क्रीनवर आलं: आता रूट फ्लॉपी, म्हणजे दुसरी, घाला आणि एंटर दाबा.

आम्ही पिशव्या उघडल्या.
तिघांकडेही पहिलीच फ्लॉपी.

नाक्यावरच्या तपासणीत जोडीच्या जोडी जायला नको, म्हणून प्रत्येकाने एक घरी ठेवलेली. आणि तिघांनी नेमकी दुसरीच.

हरजीतने वाहेगुरू म्हणत तशीच एंटर दाबली. स्क्रीनवर "कर्नल पॅनिक", मशीन ठप्प.
"घाबरू दे त्याला," ताई मला म्हणाल्या आणि स्कूटरची किल्ली घेतली.

तेवढ्यात बाजार बंद होतोय अशी खबर आली. साहेब दारात उभे.
"मॅडम, घर जाइए. वैसे भी आप लोग एक दिन पूना चले ही जाओगे."
"घर ही जा रही हूँ, साब. फ्लॉपी लेने. अभी आती हूँ."

मी रडायला लागले होते. जाऊ दे रीडिंग्ज, तुम्ही जाऊ नका, असं म्हणाले. ऐकतील तर शपथ.

दुपारी आल्या. फ्लॉपी रुमालात गुंडाळलेली. नाक्यावरचा शिपाई ती उघडून बघायला निघाला होता. ताईंनी त्याला सांगितलं, "भैया, पहले हाथ पोंछो." त्याने पुसले म्हणे.

ड्राइव्ह बराच वेळ कुरकुरला. मग प्रॉम्प्ट आला. त्यावरून जुनी डिस्क उघडली. संध्याकाळपर्यंत माझी सगळी रीडिंग्ज बाहेर.
हरजीतने ताईंच्या पायांना हात लावला. "बस जी, इन्हें कोई नहीं हिला सकता."

सोमवारी साहेब खरंच कुलूप घेऊन आले. मशीन चालू, ताई खुर्चीत.
"लगाइए साब. मैं अंदर ही हूँ."

साहेब कुलूप खिशात घालून गेले. ती रूम हालात सुधारेपर्यंत एक दिवसही बंद राहिली नाही.

ताई, तुमच्या या डॉक्टर मुलीचा शेवटचा नमस्कार.