तांबड्या शाईचा शब्द

सन अठराशे एक्याण्णव. मी बावीस वर्षांचा. कळव्याच्या पुढं खाडीकाठी मिठागराची सरकारी चौकी होती, तिथं मी शिपाई. आमचे कारकून रावसाहेब तांबड्या शाईची दौत उघडायचे, तिच्यात बघायचे आणि परत बूच लावायचे. "उद्या चालेल ना? मग राहू दे."

त्या शाईनं एकच इंग्रजी शब्द लिहायचा असे. अर्जंट. मला इंग्रजी वाचता येत नाही, मराठीही जेमतेम; पण तो शब्द मी नुसत्या आकारावरून ओळखी. तो शब्द लिहिलेला लखोटा आणणाऱ्या शिपायाला ठाण्याच्या कचेरीत थेट आत सोडत. बाकीचे आम्ही बाहेर उन्हात. मला ते फार लागे.

"रावसाब, एकदा लिवा की," मी म्हणायचो.

"कशावर? चौकीचं छप्पर गळतं, त्यावर?"

"गलतंय तर खरं."

"मग गळू दे. उद्याही गळेल. अरे, ज्याला उद्या नाही तेच अर्जंट. भलत्यावर लिहीत सुटलो, तर खऱ्या वेळी कोण वाचेल?"

नऊ वर्षांत त्यांनी तो एकदाही लिहिला नव्हता. एकच गोष्ट जन्मभर जपणारी अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. संध्याकाळी मिठाच्या पांढऱ्या राशी निळसर होत, खाडीवर चुलींचा धूर तरंगे, आणि ते बाकावर बसून पाण्याकडं बघत राहत. काय बघत, मी कधी विचारलं नाही.

त्या चैत्री पौर्णिमेला पहाटे चिंबोऱ्यांनी पोखरलेला बांध खचला. दुपारच्या भरतीला पाणी आत शिरणार, काठच्या राशी विरघळणार. गावाची सहा महिन्यांची मेहनत जाणार. पण राशींवर सरकारी ठसा; तो मोडल्याशिवाय मीठ हलवता येत नसे. ठाण्याच्या हुकमाशिवाय तो मोडला तर नोकरी गेलीच.

त्यांनी दौत उघडली. हुकूम मागणाऱ्या लखोट्यावर तो शब्द लिहिला, त्यावर हळूच फुंकर घातली. मी लखोटा घेऊन ठाण्याकडं धावत सुटलो.

उन्हाळ्यात कचेरी सकाळची भरे. मला लगेच आत घेतलं. मी छाती काढून उभा राहिलो. टेबलावर लखोट्यांचा ढीग होता, आणि सगळ्यांवर तोच तांबडा शब्द. तिथल्या कारकुनानं आमचा लखोटा ढिगाखाली सरकवला.

"नंबरानं होईल. परवा ये."

"साहेब, पानी दुपारी येतंय!"

"सगळ्यांचंच येतं, बाबा."

परतलो तेव्हा अख्खं गाव टोपल्या घेऊन बांधावर उभं होतं.

"वाचलं त्यांनी?" रावसाहेबांनी विचारलं.

खोटं बोलावंसं वाटलं. नाही बोललो. "तिथं सगल्यांवर तसंच लिवलेलं असतं, रावसाब."

"सगळ्यांवर?"

मग त्यांनी धोतर खोचलं, ते पहिल्या राशीपाशी गेले आणि तळहातानं ठसा पुसून टाकला.

"बघता काय? उचला!"

एक म्हातारी ओरडली, "रावसाब, तुमची नोकरी जाईल!"

"ती जाईल परवा. तू आधी टोपली भर, बये."

मीठ वाचलं. पंधरा दिवसांनी त्यांच्या बडतर्फीचा हुकूम आला. त्याच्यावरही तोच शब्द होता. तो बघून ते एवढे हसले, की डोळे पुसावे लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांची पेटी डोक्यावर घेऊन धक्क्यावर गेलो. कल्याणला जाणारा पडाव लागला होता. मी पेटी होडीत ठेवली.

"उतर आता," ते म्हणाले, "चौकी उघडायचीय तुला."

मी वल्ह्यापाशी बसलो, तो बसलोच; पडाव सुटला तरी उतरलो नाही.